सोनी २००-६००: तीन सीझन फक्त घुबडाच्या पिल्लांसाठी वापरल्यावर

लेन्सचा रिव्ह्यू म्हटलं की टेस्ट चार्ट, विटांच्या भिंतीचे फोटो, कोपऱ्यातला शार्पनेस असलं सगळं येतं, ते इथे मिळणार नाही. मी ही लेन्स घेतली ती घुबडाच्या पिल्लांचे फोटो काढायचे म्हणून, तीन सीझन हीच एक लेन्स घेऊन बसतेय, आणि माझी कसोटी एकच आहे: मी आले, बसले, फोटो काढले, सामान आवरून गेले, एवढ्या वेळात पिल्लू झोपलेलंच राहिलं का. राहिलं असेल तर लेन्स चांगली.

ही कसोटी कुठून आली ते सांगते, कारण त्याच्याशिवाय बाकीचं वाचून काही उपयोग नाही. आधी माझ्याकडे ३०० मिमीची लेन्स होती (मिमीचा आकडा जितका मोठा तितकं लांबचं मोठं दिसतं). ओढ्याच्या दरडीत एक कपार होती, तिथे शृंगी घुबडाची तीन पिल्लं, आणि ३०० मध्ये ती नीट मोठी दिसावीत म्हणून मी साधारण वीस मीटरवर, गुडघाभर गवतात बसायचे. एकदा संध्याकाळी मादी उंदीर घेऊन आली आणि समोरच्या वठलेल्या झाडावर बसली. चोचीत उंदीर लोंबतोय, कानावरची पिसं ताठ, तोंड थेट माझ्याकडे. मला वाटलं काय नशीब, पोझ देतेय! मी काढत सुटले. खाली पिल्लं ओरडतायत, तो त्यांचा खरखरीत, लांबवलेला श्वास सोडल्यासारखा आवाज, थांबायचं नाव नाही, आणि ती तिथेच बसलेली. चाळीस मिनिटं. अंधार पडला तसा माझा कॅमेरा काही उचलेना म्हणून मी उठले, गाडीपर्यंत गेले आणि मागे वळून बघितलं तर ती उडून कपारीत उतरली होती. घरी येऊन फोटो मोठे करून बघितले, एकूण एक फोटोत तिचे दोन्ही डोळे लेन्समध्ये. ती माझ्या जाण्याची वाट बघत होती आणि मी तिच्या पिल्लांचं जेवण चाळीस मिनिटं अडवून धरलं होतं. ते फोटो मी कुठेच टाकले नाहीत.

त्यानंतर ही लेन्स घेतली. हिशोब अगदी सरळ आहे, ३०० ने वीस मीटरवरून पिल्लू जेवढं दिसतं तेवढंच ६०० ने चाळीस मीटरवरून दिसतं, आणि चाळीस मीटरवर म्हणजे ओढ्याच्या पलीकडच्या काठावर, झुडपाच्या आड, मादीच्या येण्याजाण्याच्या वाटेपासून पूर्ण बाजूला. फुलफ्रेम कॅमेऱ्यावर चाळीस मीटरला ६०० मिमीच्या फ्रेममध्ये साधारण २.४ मीटर रुंदीचा तुकडा मावतो, म्हणजे तीन भावंडं शेजारी शेजारी बसलेली आरामात येतात आणि दरडीची माती, कपारीतली वाळकी मुळं पण दिसतात. एकट्या पिल्लाचा चेहरा फ्रेमभर हवा असेल तर चाळीस मीटरवरून तो मिळणार नाही. क्रॉप करा, किंवा मान्य करा की तो फोटो आपल्याला नाही मिळत. मी मान्य केलंय.

आता लेन्सबद्दल. २०१९ मध्ये आलेली आहे, सोनीनेच त्याच वेळी ६०० एफ/४ पण आणली होती, झूम नसलेली पण जास्त उजेड आत घेणारी. हिचं वजन ट्रायपॉडचं फूट सोडून २११५ ग्रॅम, त्या ६०० एफ/४ चं ३०४० ग्रॅम. आकडा बघून वाटतं एक किलोचाच तर फरक, पण पहाटे अंधारात, कॅमेरा, ट्रायपॉड, पाणी सगळं खांद्यावर घेऊन ओढा ओलांडताना तो एक किलो फार मोठा असतो.

मला हिच्यात सगळ्यात जास्त काय आवडलं असेल तर झूम आतल्या आत होतो. नळी बाहेर येत नाही. बाकी बऱ्याच झूम लेन्स ६०० ला नेल्या की पुढून लांब होतात, त्यात गिम्बलवर (जड लेन्स तोलून धरणारं ट्रायपॉडचं डोकं) लावलेला बॅलन्स बिघडतो हा एक भाग झाला, पण घुबडांच्या बाबतीत त्याहून महत्त्वाचं म्हणजे झुडपातून बाहेर डोकावणारी एक मोठी गोष्ट अचानक पुढे सरकत नाही. घुबडाला हालचाल लगेच कळते, विशेषतः आपल्या दिशेने येणारी. हिची लांबी आहे तेवढीच राहते, २०० वर पण आणि ६०० वर पण, आणि झूम रिंग इतकी थोडी फिरवावी लागते की मनगट एकदा वळवलं की काम झालं, हात उचलून परत पकडायची गरज नाही.

रंग मात्र पांढरट आहे. ऊन लागून लेन्स तापू नये म्हणून पांढऱ्या ठेवतात हे मान्य, पण हिरव्या झुडपात ती दिवा लावल्यासारखी दिसते, त्यामुळे मातकट रंगाचं कव्हर घालाच, हूडला पण, कारण हूड चांगलाच मोठा आहे आणि सगळ्यात पुढे तोच असतो. दुसरी कटकट म्हणजे ट्रायपॉडचं फूट. ते आर्का पद्धतीचं, म्हणजे ट्रायपॉडच्या पकडीत थेट सरकवता येणाऱ्या खाचेचं नाही, त्याच्याखाली वेगळी प्लेट लावावी लागते नाहीतर फूटच बदलून घ्यावं लागतं. मी बदललं. एवढी लेन्स बनवताना तेवढी खाच पाडून द्यायला हवी होती असं मला अजूनही वाटतं.

ऑटोफोकसबद्दल लोक खूप विचारतात. घुबडाचे डोळे पुढच्या बाजूला, आपल्यासारखे, त्यामुळे डोळा शोधणारा ऑटोफोकस असलेली बॉडी असेल (सोनीत पक्ष्यांसाठीचा हा प्रकार २०२१ च्या अल्फा १ पासून आला) तर मोठ्या घुबडाचा डोळा ती पटकन पकडते. पिल्लांचं तसं नाही. पिल्लू म्हणजे राखाडी-पांढऱ्या लोकरीचा गोळा, चेहऱ्याची तबकडी अजून नीट उठलेली नसते, डोळे अर्धे मिटलेले, आणि समोर गवताच्या दोन काड्या. अशा वेळी फोकस काडीवर जातो. इथे लेन्सवरचं लिमिटरचं बटण कामाला येतं, ते दहा मीटर ते अनंत वर टाकून ठेवलं की लेन्स जवळचं काही शोधतच नाही, माझ्या अगदी नाकासमोरच्या पानावर जायचा जो त्रास होता तो पूर्ण गेला. दरडीवरच्या काड्यांसाठी सगळ्यात छोटा फोकस पॉइंट घ्यायचा आणि हाताने ठेवायचा, दुसरा उपाय मला सापडलेला नाही.

आणि पिल्लांच्या माना! घुबडाचा डोळा खोबणीत फिरत नाही, त्यामुळे बघायचं म्हणजे अख्खं डोकंच फिरवायचं, मानेत १४ मणके असतात, आपल्या दुप्पट. पिल्लू नवीन काही दिसलं की डोकं वर, खाली, डावीकडे, उजवीकडे, मग गोल असं नाचवतं, वेगवेगळ्या जागेवरून बघून अंतराचा अंदाज घेत असतं ते. एकदा कपारीच्या कडेवर एक भुंगेरा चालत होता, सगळ्यात धाकट्याने त्याच्यामागे डोकं इतकं फिरवलं की चेहरा जवळजवळ उलटा झाला, मग तोल जाऊन ते मोठ्या भावंडाच्या पोटावर पडलं आणि तिथेच झोपलं. पोटावर पालथं, मान लांब करून, पाय मागे पसरून. पिल्लांचं डोकं जड असतं, सुरुवातीला ती अशीच आडवी झोपतात. हे सगळं १/२५० ला काढायला गेलात तर डोकं पुसट येणार, स्टॅबिलायझेशन हात हलण्यावर उपाय आहे, पिल्लू हलण्यावर नाही. डोकं नाचवत असेल तर किमान १/५००, पंख फडफडवायचा व्यायाम चालू असेल तर १/१६०० च्या वर.

आणि इथेच या लेन्सचा खरा प्रॉब्लेम येतो, तो लपवण्यात अर्थ नाही. ६०० ला अपर्चर, म्हणजे उजेड आत येणारं भोक, एफ/६.३; हा आकडा जितका मोठा तितका उजेड कमी. घुबडाचं सगळं आयुष्य उजेड कमी असतानाच चालतं. एफ/४ आणि एफ/६.३ मध्ये १ पूर्णांक १/३ स्टॉपचा फरक (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा), म्हणजे ज्या शटरस्पीडला एफ/४ वाल्याचा आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता, वाढवली की फोटोत दाणे म्हणजे नॉइज येतो) ३२०० असेल तिथे आपला ८०००. सूर्य मावळताना हे सहज १२८०० च्या पुढे जातं. नॉइज काढायची आताची सॉफ्टवेअर चांगली आहेत, पण पिल्लाची लोकर हीच नेमकी अशी गोष्ट आहे की जिथे नॉइज कुठे संपला आणि पिसं कुठे सुरू झाली हे सॉफ्टवेअरला कळत नाही, आणि मग पिल्लू प्लॅस्टिकच्या खेळण्यासारखं दिसतं. मी नॉइज राहू देते. फ्लॅश लावा असं कुणी सांगेल तर ऐकू नका, अंधारात बघायला जुळवून घेतलेल्या डोळ्यांवर लख्ख प्रकाश मारायचा, आणि तो पण अजून उडता न येणाऱ्या जिवावर, याला माझा साफ विरोध आहे.

एक्सपोजर मायनसमध्ये ठेवा. कपारीचा काळोख मागे असतो, मीटर त्या काळोखाला उजळवायला जातो आणि लोकर पांढरीफट्ट उडते, तपशील परत येत नाही. मी साधारण उणे ०.७ ला असते, सकाळचं ऊन थेट पिल्लावर आलं तर उणे १.

डेप्थ ऑफ फील्डचं गणित पण लक्षात ठेवण्यासारखं आहे, ६०० ला एफ/६.३ वर चाळीस मीटरला साधारण दीड मीटरच्या वर खोली फोकसमध्ये राहते, म्हणजे पुढे-मागे बसलेली तिन्ही भावंडं शार्प. तेच पंधरा मीटरवर जेमतेम वीतभर उरते. म्हणजे लांब बसण्याचा फोटोलाही फायदाच आहे, जो मला लेन्स घेताना सुचला पण नव्हता. भावंडं एकत्र छान दिसतात त्याचं कारण त्यांचे आकार, मादी पहिलं अंडं घातल्यापासूनच उबवायला बसते, त्यामुळे पिल्लं एकाच दिवशी बाहेर येत नाहीत, मोठ्याला खरी पिसं फुटायला लागलेली असतात तेव्हा धाकटं अजून नुसता कापसाचा गोळा असतं.

फोटो मऊ आले म्हणून लेन्सला शिव्या देणारे मी बरेच ऐकलेत, पहिल्या सीझनला मी पण त्यातलीच. दरडीवर ऊन आलं की माती तापते, माती आणि लेन्सच्या मधली हवा थरथरायला लागते, आणि ६०० मध्ये ती थरथर पिसापिसात दिसते. ओळखायची खूण सांगते, ट्रायपॉडवर ठेवून फोकस न हलवता एकाच स्थिर पिल्लाचे दहा फोटो काढा, दहाही सारखेच मऊ असतील तर फोकसचा दोष, प्रत्येक वेगळ्या ठिकाणी मऊ असेल तर हवेचा. हवेचा असेल तर कॅमेरा बंद करा, काही उपाय नाही. ऊन यायच्या आधीचा तासभर किंवा ढगाळ दिवस. गाडीत एसी लावून आलात तर लेन्स बाहेर काढून थोडा वेळ नुसती ठेवा, हूडच्या आतल्या थंड-गरम हवेनेसुद्धा फरक पडतो.

शटरचा आवाज. घुबडाचे पंख उडताना वाजत नाहीत, पिसांच्या कडेला कंगव्यासारखे दाते असतात त्यामुळे, आणि कान तर असे की गव्हाणी घुबडाच्या कानाची दोन छिद्रं वेगवेगळ्या उंचीवर असतात, त्याने अंधारात नुसत्या आवाजावरून उंदीर पकडता येतो. अशा प्राण्यासमोर कॅमेरा खडखडवत बसायचं नाही, इलेक्ट्रॉनिक शटर लावा. फक्त एवढंच की सेन्सर हळू वाचणारी बॉडी असेल तर फडफडणारे पंख वाकडे येतात. मी वाकडे पंख चालवून घेते.

कपार सोडायची वेळ आली की या लेन्सच्या २०० ला अर्थ येतो. उडता येण्याच्या बऱ्याच आधी पिल्लं घरटं सोडतात, शृंगी घुबडाची चालत दरडीवर फिरतात, झाडावरच्या जातींची फांद्यांवर पसरतात, चोच आणि नख्या रोवून पंख फडफडवत खोडावरून वर चढतात, बघताना आपलाच श्वास अडकतो. मग एक पिल्लू इकडे, एक तिकडे, एक भलत्याच जवळच्या झुडपात, तेव्हा फिक्स ६०० असती तर मला मागे सरकत बसावं लागलं असतं, इथे २०० वर आणलं की झालं. एकदा धाकटं चालत चालत माझ्या बाजूच्या उतारावर आलं, बारा-पंधरा मीटरवर. मी २०० वर दोन फोटो काढले, हालचाल बंद केली आणि ते परत जाईपर्यंत तशीच बसून राहिले.

या दिवसांत लोकांना पिल्लं जमिनीवर सापडतात आणि ते उचलून घरी आणतात, फोटो काढतात, अनाथ म्हणून टाकतात. बहुतेक वेळा ते अनाथ नसतं. टॉनी आऊल या युरोपातल्या घुबडाचं पिल्लू पडलं तरी आईबाप जमिनीवर येऊन भरवतात आणि ते स्वतः झाडावर परत चढू शकतं. गव्हाणी घुबडाचं मात्र उलट, खाली पडलेल्या लहान पिल्लाकडे आईबाप सहसा लक्ष देत नाहीत, त्याला परत घरट्यात ठेवावं लागतं. म्हणजे आधी जात कुठली ते कळायला हवं, म्हणून फोटो काढा पण लांबूनच, आणि तो आधी वनविभागाला किंवा पक्षी वाचवणाऱ्या माहितगार माणसांना पाठवा.

अजून एक गोष्ट या लेन्समुळेच मला नीट दिसायला लागली. आपण ज्याला झोपाळू घुबड म्हणतो त्यातलं निम्मं झोपलेलं नसतं. खरंच झोपताना घुबडाची खालची पापणी वर येते, अंग फुगलेलं, सैल असतं. पण शरीर लांबट, बारीक, पिसं अंगाला चिकटलेली आणि डोळ्यांच्या फक्त फटी उरलेल्या, असं दिसलं तर ते घुबड लपतंय, तुम्हाला बघितलंय त्याने, आपण झाडाचं खोड आहोत असं भासवतंय. ६०० मधून बघताना हा फरक स्पष्ट कळतो, आणि कळला की उठून मागे जायचं. चोच टकटक वाजवायला लागलं, पंख पंख्यासारखे पसरून फुगलं, तर फारच उशीर झालाय. मोठी घुबडं पिल्लांसाठी हल्ला करतात, १९३७ मध्ये एरिक हॉस्किंग या ब्रिटिश पक्षी फोटोग्राफरचा एक डोळा टॉनी आऊलच्या हल्ल्यात गेला, घरट्याजवळच्या लपणात जाताना. आयुष्यभर पक्ष्यांचेच फोटो काढलेला तो माणूस, त्याला पक्षी कळत नव्हता असं कोण म्हणेल.

एका फोटो टूरला एकदा गेले होते, नाव नाही लिहीत, तिथल्या माणसाने पिल्लांनी बाहेर बघावं म्हणून मोबाईलवर घुबडाचा आवाज वाजवला, वर खोडावर काठी आपटली. सगळ्यांना डोळे उघडे असलेला फोटो मिळाला. मी त्या दिवशी काहीच बोलले नाही याचं मला फार वाईट वाटतं. लेन्स कितीही लांबची असली तरी असं वागणार असू तर तिचा काय उपयोग, आणि फोटो टाकताना जागा सांगून मोकळं होणं हा पण तसलाच प्रकार. ईबर्डवर, म्हणजे पक्षी दिसल्याच्या नोंदी टाकायच्या वेबसाइटवर सुद्धा काही घुबडांच्या जागा मुद्दाम लपवून ठेवतात. इंग्लंडमध्ये तर गव्हाणी घुबड १९८१ च्या वन्यजीव कायद्याच्या यादीत आहे, घरट्यावर त्याला त्रास होईल असं काही करायचं, फोटोसाठी सुद्धा, तर आधी परवाना लागतो.

टेलिकन्व्हर्टर (लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मध्ये लावून लेन्स आणखी लांबची करणारा तुकडा) बऱ्याच जणांनी विचारला होता. १.४ लावला की ८४० मिमी आणि एफ/९. भर उजेडात चालतो. घुबडासाठी मी दोनदा लावला आणि काढून ठेवला. त्यापेक्षा कॅमेऱ्यातच क्रॉप मोड (सेन्सरचा फक्त मधला भाग वापरायचा) बरा, ९०० सारखं दिसतं आणि उजेड आहे तेवढाच राहतो.

माझं आत्ताचं बसणं असं असतं: उजाडायच्या आधी येऊन बसायचं, ऊन दरडीवर आलं की निघायचं, किंवा दुपार कलल्यावर येऊन अंधारापर्यंत. संध्याकाळी आयएसओ १२८०० च्या वर गेला की कॅमेरा बंद करते, लेन्सवर कापड टाकते आणि दुर्बीण काढते. मादी साधारण त्यानंतरच येते. काळी आकृती, आवाज अजिबात नाही, फक्त पिल्लांचा खरखरीत आवाज एकदम वाढतो आणि मग एकाचा बंद होतो, तोंड भरलेलं असतं म्हणून. या सीझनला ती एकदाही वठलेल्या झाडावर थांबली नाही, सरळ कपारीत उतरते.